लेकीच्या कानात तेल नाही

३ डिसेंबर, मंगळवार

घालू दिलं नाही.

न्हाऊ घालणाऱ्या नर्मदाबाईनं कोमट तेलाची वाटी उचलली, लेकीचं डोकं मांडीवर वळवलं, आणि मी तिचा हात धरला. बाळंतिणीनं असा हात धरलेला या घरात कुणी पाहिला नसेल.

"कानात नको."

"आवं बाई, चार थेंब. सगळ्या लेकराच्या घालतेत. कान मोकळे व्हतेत."

"राहू द्या बंद."

सासूबाई दारातच उभ्या होत्या. मी त्यांना आत्या म्हणते. म्हणाल्या, "लय लेकरं न्हाऊन निघाली या घरात. कुनी भैरं झालं न्हाई."

"मी झालेय ना आत्या. एका कानानं."

नर्मदाबाईनं वाटी खाली ठेवली. आत्या आत गेल्या. भांड्यांचा आवाज बराच वेळ येत होता.

४ डिसेंबर

सगळ्यांना वाटतं, दवाखान्यातल्या सिस्टरनं काहीतरी सांगितलं आणि मी तेच धरून बसले. सिस्टरनं सांगितलं हे खरं — कानात, नाकात काही घालायचं नाही, मळ आपोआप बाहेर येतो, बाहेरून ओल्या फडक्यानं पुसला की झालं. पण तिनं सांगितलं नसतं तरी मी घालू दिलं नसतं.

सातवीत होते. आमच्या गावच्या जत्रेत कान साफ करणारा बसला होता. बारीक सळई, तिच्या टोकाला कापूस. बाकीच्यांनी केले म्हणून मीही बसले. गर्दीत त्याला मागून कुणाचा तरी धक्का लागला. एवढंच. रक्त आलं. घरी आल्यावर लसणाचं तेल कढवून घातलं, तेही फाटलेल्या पडद्यातून आत. मग पू. शाळा बुडाली. तेव्हापासून डावीकडून कुणी बोललं की मला नुसता वारा ऐकू येतो.

माझी माय असती तर बाळंतपण माहेरी झालं असतं. तिनं लेकीच्या कानात तेल घातलं असतं का? घातलंच असतं. मग मी तिच्याशीही भांडले असते.

८ डिसेंबर

आजही नाही. नर्मदाबाई हल्ली माझी पाठ फार जोरात चोळते.

१३ डिसेंबर

रामप्रसाद. वहीत तरी नवऱ्याचं नाव घेते.

मानवतहून, कापसाच्या जिनिंगमधल्या कामावरून आला, हातपाय धुतले, लेकीला घेऊन बसला. तिच्याशी तो फार हळू बोलतो. मग तसंच हळू मला म्हणाला, "मायचं मन ऱ्हायलं असतं."

"आणि लेकीचा कान?"

"चार थेंबानं काय व्हायलंय?"

"माझ्याकडे बघून विचारा."

खरंच बघितलं त्यानं. म्हणाला, "बरं. तुझं खरं. मी सांगतो मायला."

सांगितलं की नाही माहीत नाही. पण तो म्हणाला हे पुष्कळ झालं. या घरात निदान एक माणूस माझ्या बाजूला आहे.

१९ डिसेंबर

शेजारची मनकर्णा काकू आली. लेकीला उचललं, कान वाकडा करून उजेडात धरला आणि म्हणाली, "मळ हाय की आत! केसाची पिन आन. कापूस लावून आत्ता काढते."

मी लेकीला तिच्या हातातून काढून घेतलं.

"आगं, मी काय मारायलीय का तिला?"

"काकू, चहा घ्या. कानाला हात लावू नका."

चहा न घेताच गेली. आता गल्लीभर होईल. होऊ दे. आत्या ओसरीवर कापूस निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तिचं लेकरू हाय, तिला कळतं."

टोमणा. मला कळत नाही असं वाटतं का त्यांना?

२६ डिसेंबर

आत्या माझ्याशी कामापुरतंच बोलतात. मीही.

२ जानेवारी

परभणी. आम्ही दोघं लेकीला घेऊन गेलो. दीड महिन्याची लस आणि कानाची तपासणी. दवाखान्यातल्या तपासणीच्या बाईंनी लेकीच्या कानात मऊ बोंडी बसवली आणि मशीनकडे बघत राहिल्या. डावा कान बरोबर.

उजवा — काही नाही. पुन्हा केलं. काही नाही.

"म्हणजे बहिरी आहे?"

"असं लगेच म्हणता येत नाही. कानाच्या डॉक्टरांना आत बघू द्या. ते आज नाहीत. पुढच्या गुरुवारी या."

एसटीत लेक माझ्या मांडीवर झोपली होती. उजव्या कानाजवळ तोंड नेऊन मी तिला हाक मारली. झोपलेलं लेकरू कशाला हलेल? तरी मारत राहिले. रामप्रसाद खिडकीबाहेर बघत होता.

३ जानेवारी

आता सगळ्यांना कारण मिळालं.

नर्मदाबाई: "तेल न्हाई. कान वाळला."
मनकर्णा काकू: "म्या तवाच म्हनले व्हते."

काकूच्या ओळखीचा कुणी पाल्याचा रस देतो. तीन दिवस कानात पिळायचा. ती पाला घेऊनच आली होती. मी उंबऱ्यात उभी राहिले. "माझी लेक बहिरी निघाली तर बहिरी वाढवीन. शाळेत घालीन. पण कानात काही पिळू देणार नाही."

माझंच चुकलं असेल तर? हे फक्त इथंच लिहिते. त्यांच्यासमोर नाही.

५ जानेवारी

ताटली वाजवून बघितली. दचकली. पण कोणत्या कानानं?

९ जानेवारी, गुरुवार

सगळं नीट लिहिते.

डॉक्टरांनी दिवा लावून उजव्या कानात बघितलं. चिमटा मागितला. मला लेकीचं डोकं घट्ट धरायला लावलं. लेक ओरडली आणि चिमट्याच्या टोकाला बाहेर आला कापूस. बारीकसा बोळा, तेलानं पिवळा पडलेला.

"कुणी घातला?"

"मी कुणाला घालूच दिलं नाही."

"कुणीतरी घातलाय. काडीला कापूस गुंडाळतात, तो आतच निसटतो. अजून थोडी काडी आत गेली असती तर पडदा फाटला असता."

आत सूज नाही, पडदा शाबूत. मग पुन्हा मशीन. उजवा कान — बरोबर. दोन्ही बरोबर. मी तिथंच बाकावर बसून रडले. लोक बघत होते, बघू देत.

तो बोळा कागदात बांधून घेतला. परतीच्या वाटेवर रामप्रसाद एक शब्द बोलला नाही. आईचंच काम, काय बोलणार बिचारा.

घरी आल्यावर कागद आत्यांच्या पुढ्यात उघडला. "हे घ्या तुमचं. माझ्या लेकीच्या कानातून निघालं."

आत्यांनी बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग माझ्या मागं उभ्या असलेल्या रामप्रसादकडे. उठून आत गेल्या.

बोलणार तरी काय? मी गंगाखेडला भागवतदादाला फोन केला. उद्या लेकीला घेऊन माहेरी. भाऊ नाही म्हणायचा नाही. ज्या घरात माझ्या पाठीमागं लेकरावर काडी चालते, तिथं मी राहणार नाही.

१० जानेवारी

पिशवी भरत होते. आत्या आल्या, उंबऱ्यावर बसल्या. "तू न्हाई म्हनलीस त्या दिसापून म्या तिच्या कानाला हात लावला न्हाई. नर्मदाबाईला बी लावू दिला न्हाई. तू न्हायला गेलीस का म्या तेलाची वाटीच उचलून ठिवायची."

मग अंगणाकडे तोंड करून म्हणाल्या, "रामप्रसाद, राती मला सांगितलंस ते तिला सांग."

तो आत आला. मान वर केली नाही. "मळ दिसला. वाटलं, काढून टाकावा, मंजी मनकर्णा काकूचं बी तोंड बंद व्हईल अन् तुझं बी. काडीला तेलाचा कापूस गुंडाळला, त्यो निसटला. मला वाटलं, खाली पडला."

परभणीला दोनदा माझ्या शेजारी बसून आला हा माणूस.

मी पिशवी बांधली. आत्या उठल्या, डोक्यावरचा पदर नीट केला आणि लेकीला माझ्या हातातून घेतलं.

"चल. गंगाखेडपर्यंत मी येते."