साक्षीला तू चालत नाहीस

निनाद,

ओरगडमच्या कारखान्यातून तुझी रात्रपाळीची बस येईल तेव्हा मी घरात नसेन. माझ्या मृत्युपत्रावर सही करायला नुंगंबाक्कमला वकीलबाईंकडे निघालेय. तू झोप आता. सकाळी वकीलबाईंचा फोन आला. ज्याला मिरजेचं घर मिळणार, त्यानं साक्षीदार होऊ नये म्हणे. सहीच्या वेळी खोलीतही नको, उद्या कुणी शंका काढायला नको. म्हणून खालचे राघोत्तमराव आणि त्रिपुरसुंदरीबाई येतायत. उपमा झाकून ठेवलाय, गार खाऊ नकोस.

सही झाली की आपण दोघं डोसा खाणार होतो. तुझ्या शिफ्टमुळे महिनाभर नुसत्या चिठ्ठ्याच चालल्यात, म्हणून निळी साडी काढून ठेवली होती. तीच नेसलेय.

घर तुला देत नसते, तर आज आला असतास माझ्याबरोबर.

आई