मावशीच्या कमरेची किल्ली

माणिकताई,

वरूडचे पाहुणे माझ्या प्रणालीला पाहायला येणार म्हणून तिच्या दम्याचा, डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद तू माझ्या फ्रिजवरून काढलास आणि निळा पंप कपाटात कोंडलास. म्हणे, "जमू दे व आधी, मंग सांगू त्याइले!"

पोह्यांच्या बशा देतानाच लेकीला धाप लागली. कागदावर होतं, धाप लागली की लगेच पंप. तू म्हणालीस, "पोरगी लाजून राहिली!" शेवटी मुलाची आईच ओरडली, "अवं, दमा हाये हा! पंप कुठी हाये?" तेव्हा कुठे तुझ्या कमरेची कपाटाची किल्ली सुटली.

तुला तिच्या छातीतला तो घरघर आवाज ओळखू आला नाही? लहानपणी मला दमा उठला की माझी छाती तूच चोळायचीस.

हे पत्र टाकणार नाही. कागद पुन्हा फ्रिजवर लावलाय, खाली एक ओळ वाढवलीय. आलीस की वाच: पाहुणे येण्याआधी मावशीकडून किल्ल्या काढून घेणे.

तुझी धाकटी,
वर्षाली