डुबीवाल्याची पोरं

५ फेब्रु., बुध. कोलशेत
बॅग भरून तयार. आणि आज बापूसचा फतवा: एकट्याने जायचं नाही, थोरला भाऊ, दादूस, सोबत जाणार. अंदमान, सहा दिवस शिडाच्या बोटीवर, सोबत डायव्हिंगचा कोर्स. चार महिन्यांपूर्वी बुक केलेलं, एकट्याचं. दादूसने सकाळी जागा वाढवून तिकीटसुद्धा काढलं. मला विचारलंसुद्धा नाही.
मी म्हटलं, मी लहान राहिलेलो नाही. बापूसने तांब्या फेकला. डाव्या कानाने ऐकू येत नाही, पण नेम अजून शाबूत आहे. कपाळावर टेंगूळ. आमच्याकडे बोलणं कमी, फेकाफेक जास्त.
वर म्हणतो, "तू पान्यात जानार आन मी हितं गॅलरीत बसून बगू?"
गॅलरीतून खाडी दिसते, चौदाव्या मजल्यावरून. त्याच खाडीच्या तळाशी वीस वर्षं डुब्या मारून रेती काढली त्याने. लोखंडी बादली घ्यायची, बांबू धरून खाली जायचं, भरायची, वर यायचं. ना मास्क, ना नळी, नुसता छातीतला दम. कान तिथेच गेला. पुढे जमिनीवर टॉवर आला आणि बापूस गॅलरीत आला.
कुणाला सांगितलेलं नाही: मी परतीचं तिकीट काढलेलं नाही. कोर्स झाला की तिथेच राहणार, बोटीवर कामाला. बोटीच्या मालकाशी फोनवर ठरलंय.

७ फेब्रु., शुक्र. पोर्ट ब्लेअर
पोचलो. बोट छोटी आहे, पांढरी, दोन शिडं. मालक थॉमस अंकल, साठीचा, बोलतो कमी. त्याची मुलगी आयरीन, ती डायव्हिंग शिकवणार. प्रवासी आम्ही दोघंच.
आधी टॅबवर थिअरीची परीक्षा द्यायची, इंग्रजीत. दादूस म्हणाला, "बारक्या, माझी पन तूच दे. मना त्या पान्यानी काय शिकवाचा?" दोन्ही पेपर मीच सोडवले. तो घोरत होता.
पहिला प्रश्न, सगळ्यात महत्त्वाचा नियम कोणता? श्वास कधीही रोखायचा नाही. हसू आलं. आमच्या घरातला सगळ्यात महत्त्वाचा नियम बरोबर याच्या उलटा.
कारण दिलेलं: टाकीतली हवा दाबाखाली असते, वर येताना ती फुगत जाते. तोंड बंद ठेवून वर आलात तर फुफ्फुस फाटतं.

९ फेब्रु., रवि.
काल निघालो. आज एका बेटाच्या कडेला, छातीएवढ्या पाण्यात सराव. पाणी इतकं स्वच्छ की आपलेच पाय अनोळखी वाटतात.
दादूस खाली गेला की दम धरतो. आयरीन त्याच्या टाकीवर टकटक करते, "सांस लेते रहो भैया, रोकना मत!" तो दोन श्वास घेतो, परत धरतो. मी सांगू शकलो असतो तिला का ते.
मी सात वर्षांचा असेन. खाडी, ओहोटी संपलेली. बापूसची मूठ माझ्या केसांत, डोकं पाण्याखाली, वर तो आकडे मोजतोय. वीसपर्यंत. बुडबुडा दिसला की वर काढून थोबाडीत, मग पुन्हा एकपासून. "पान्यात दम सोराचा नाय. सोरलास तर मेलास." माझ्या नाकातून रक्त यायला लागलं की दादूस पुढे व्हायचा, "माझी पाली, माझी पाली." माझ्या वाटच्या कित्येक डुब्या त्याने खाल्ल्यात. तीसच्या आकड्यापुढे जायचा. डोळे लालभडक व्हायचे.
आयरीन मला बाजूला घेऊन म्हणाली, "तेरे भाई की आदत है. अपनी भाषा में ठीक से समझा." हो म्हटलं. उद्या सांगतो.

१० फेब्रु., सोम.
वारा जबरी. बोट अर्धी आडवी होऊन धावते, उभं राहता येत नाही. मी दोनदा ओकलो. दादूसला मात्र माहेरी आल्यासारखं. थॉमस अंकलने न सांगता दोर ओढतो, शीड सोडतो, बांधतो. लहानपणी रेतीच्या होडीवर शिकलेलं. अंकल खूश. माझ्याकडे बघतही नाही. राग आला, खोटं कशाला लिहू. माझी ट्रिप होती.
दुपारी गळाला टुना लागला, हातभर लांब. फळीवर आपटत होता, अंकलने लाकडी दांडा काढला. दादूसने तो त्याच्या हातून घेतला. तीन फटके. तिसऱ्याची गरज नव्हती. रक्त माझ्या पायावर उडालं. तो माझ्याकडे बघून हसला, लहानपणी हसायचा तसाच.
कढीभात आणि मासा. मी नुसता भात खाल्ला. श्वासाचं सांगायचं राहिलं.

११ फेब्रु., मंगळ.
सांगून टाकलं. श्वासाचं नाही, माझं. मी परत येणार नाही, इथेच राहणार, पाण्यात काम करणार.
दादूस नारळ सोलत होता. सुरी बाजूला ठेवली, आधी ठेवली हे नमूद करतो. मग कानाखाली. मग दुसऱ्या बाजूला. तिसरी मुठीने. खालचा ओठ फाटला, एक दात हलतोय. आयरीनसमोर.
"बापाचा कान गेला, छाती गेली, खोकून खोकून मरतो तो! म्हनून आपन वर आलो. आन तू परत खाली जानार? लाज हाय का?"
मी शिडाचा दोर गुंडाळायच्या यंत्राचं हँडल उचललं, लोखंडी, किलोभर. मारणार होतो. त्याच्या डोक्यात मारणार होतो, डोळ्यांसमोर जागा दिसत होती, कानाच्या वर. अंकलने मागून मनगट पिरगाळलं.
"मेरी बोट पे मछली का खून गिरेगा, बस."
दादूस पुढच्या टोकाला जाऊन बसला. पाठ हलत होती. रडत असेल. रडू दे.
आयरीनने ओठाला बर्फ दिला. "कल बारा मीटर जाना है. भाई को समझाया ना?"
"हाँ," मी म्हटलं. "समझाया."

१२ फेब्रु., बुध.
अपघात झाला. नीट लिहितो.
सकाळी नऊला उतरलो, आयरीन पुढे, मागे आम्ही दोघं. बारा मीटर. प्रवाळाची भिंत. आयरीनची आमच्याकडे पाठ होती. माझ्या पायातली रबरी फिन दादूसच्या मास्कला लागली. मास्क निघाला. त्याने नळी तोंडातून काढली, ओठ गच्च मिटले आणि सरळ वर गेला. एकही बुडबुडा नाही. मी बघत होतो, एकही नाही.
वर आलो तेव्हा अंकल त्याला बोटीवर ओढत होता. तोंडातून गुलाबी फेस. डोळे उघडे, पण कुणाकडेच बघत नव्हते. उजवी बाजू मेलेली. आयरीनने ऑक्सिजन लावला, इंजिन सुरू केलं. चार तास लागले. मी त्याचं डोकं मांडीवर धरून बसलेलो. तो मधेच झटके द्यायचा, दाताखाली माझं बोट आलं, मी काढलं नाही.
आयरीनने विचारलं, "फिन लगा था?"
"हाँ. ग़लती से."

१४ फेब्रु., शुक्र. हॉस्पिटल
जिवंत आहे. लोखंडी टाकीत घालतात, आत दाब वाढवतात, तासन्‌तास. काचेतून दिसतो. हवेचा बुडबुडा रक्तातून डोक्यात गेला, डॉक्टर म्हणाले. उजवा हात हलत नाही, बोलणं नाही. तीन आठवडे विमान नाही.
बापूसचा फोन. एका कानाने ऐकतो, त्यामुळे ओरडतो. "दम सोरला का त्याने?"
"नाही बाबा."
"मंग वाचंल."

२० फेब्रु., गुरु.
बारा तारखेचं परत वाचलं. फिन लागली असं लिहिलंय. लागली नाही. मी मारली.
त्याने माझा दंड धरून ओढलं. मला वाटलं, झालं, आता पाण्याखालीही मारणार. आदल्या दिवशी फाटलेला ओठ ठणकत होता. मी वळून टाचेने तोंडावर लाथ घातली, होती नव्हती ती ताकद लावून. हँडल मारायचं राहिलेलं, ते मारलं.
आणि त्याला कुणी नीट समजावलेलं नव्हतं की दम सोडत वर यायचं. ज्याने सांगायचं तो मी. शिकवलेलं त्याला एकच होतं, ते त्याच्या अंगात मारून मारून भरलेलं.
आज त्याची दाढी केली. गाल कापला थोडा. मला रडू आलं, त्याने डाव्या हाताने माझ्या डोक्यावर टपली मारली. हळू. इतक्या हळू त्याने मला कधीच मारलेलं नाही.

१ मार्च, शनि.
आयरीन भेटायला आली. तिच्यावर चौकशी बसलीय. म्हणाली, तुझ्या भावाला नीट समजलंय का, मीच त्याला विचारून खात्री करायला हवी होती. मी काहीही बोललो नाही. ती गेल्यावर जिन्यातल्या भिंतीवर मूठ आपटली, दोन बोटं सुजली. काय उपयोग.
दादूस शब्द बोलायला लागला. पाणी. लाईट. आये. मला बघून "बा..., बा..." आणि मग "बारक्या", पूर्ण.
हे अजून लिहिलेलं नाही. लाथ मारल्यावर तो बाजूला फिरला, तेव्हा त्याच्या मागे कासव होतं. मोठं, ताटलीएवढं डोकं, शांत चाललेलं. तो दंड धरून मला तेच दाखवत होता.

८ मार्च, शनि. कोलशेत
घरी. आईने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. दादूस उजवा पाय ओढत चालतो. बापूसने त्याचा निकामी हात स्वतःच्या हातात घेतला आणि खोबरेल तेल चोळायला बसला. तासभर चोळला. या माणसाला हात असा वापरता येतो हे मला माहीत नव्हतं.
बोटीवरच्या नोकरीचं कुणी विचारत नाही. दादूसखेरीज कुणाला माहीतही नाही.

१५ मार्च, शनि.
संध्याकाळी बापूसचे जुने डुबीवाले दोस्त दादूसला बघायला आलेले, चौघं, सगळे खोकणारे. बापूस छाती काढून सांगत होता: "बारा मीटर खालून आला, मास्क नाय, नळी नाय. पन दम नाय सोरला! म्हनून वाचला. मी शिकवलंय." म्हातारे माना डोलवत होते. दादूस खुर्चीत, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ.
माझ्याच्याने ऐकवेना. म्हटलं, "बाबा, दम धरला म्हणूनच फाटलं. सोडला असता तर आज धड असता."
बापूस उठला आणि सगळ्यांदेखत माझ्या तोंडात मारली. त्याच ओठावर. दुसरी मारायला हात वर गेला आणि वरच राहिला. दादूसने डाव्या हाताने मनगट पकडलेलं. बापूस सोडवायला बघत होता, सुटत नव्हतं. एकोणतीस वर्षांत त्याने बापाचा हात पहिल्यांदा धरला.
"बस," दादूस म्हणाला. "त्याला नको."
बापूस गॅलरीत जाऊन उभा राहिला, खाडीकडे तोंड करून. म्हातारे चहा न घेता गेले. मी बाथरूममध्ये नळ सोडून बसलो. माझी पाळी पुन्हा त्यानेच घेतली. आणि कुणासाठी घेतली हे त्याला माहीत नाही, असं मी धरून चाललोय.

१७ मार्च, सोम.
फिजिओकडे बाळकुमला नेलं, सकाळी दहाला. जाताना रोज मीच असतो, रिक्षात आम्ही दोघंच. आज डाव्या हाताने बाहेर काहीतरी दाखवत होता, बहुतेक नवीन पूल. मग त्याच हाताने माझा दंड धरून ओढलं. मी दचकून अंग चोरलं. त्याने ते बघितलं.
बराच वेळ तो शब्द जुळवत होता. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही.
"कासव," म्हणाला. "बगितलास?"
मी म्हटलं, "हो."
परत जुळवाजुळव. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. घाई नव्हती दादूसच्या तोंडावर, रागही नव्हता, नुसता प्रश्न होता, लहानपणी विचारायचा तसा, दुखलं का रं.
"मंग लाथ... का मारलीस?"
बाळकुम नाक्यावर सगळं जाम होतं, पुढेमागे डंपर. उतरायला जागा नव्हती. त्याने माझा दंड सोडलेला नव्हता, आणि बोलायला भरपूर वेळ होता.