पावशेर दूध

नेकनूर, मंगळवार, दिवेलागण

शीतल पास झाली! परदेशातल्या कॉलेजातून आत्ताच फोन आला पोरीचा. फोन ठेवला नि आधी वही काढली, घाईत अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

दोन महिन्यांमागं हीच रडत होती, "आई, एक विषय सोडते, लई जड हाय." मी विचारलं, मग व्हिसाचं काय? तिथला नियमच तसा, ठरलेले सगळे विषय घेतले न्हाईत तर विद्यार्थी म्हणून राहताच येत न्हाई. मग मी तिला दटावलं, दुष्काळातलं सांगितलं. गाय आटत आलती, तरी मी रोज डेअरीवर पावशेर दूध घातलं. सेक्रेटरी हसायचा, "काकू, एवढ्याशासाठी कशाला येता?" खाडे वाढले की दूध सोसायटीच्या सभासदांतून नाव जातं, म्हणून! उद्या पहिला पेढा त्यालाच चारते.

तवा पोरीला जास्तच बोलले का मी? रात्रंदिवस तेच टोचत होतं.

आज म्हणाली, "आई, काठावर पास झाले. पण व्हिसा शाबूत हाय."

काठावर तर काठावर! माझ्या पावशेरानं तरी कुठं कॅन भरत होता?