टाकीच्या झाकणाचं श्रेय

मी, खाली सही करणारा, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला आरेखक, वय वर्षे बहात्तर, हे मृत्युपत्र स्वखुशीने करीत आहे. मला कोणी दम दिलेला नाही की गोड बोलून भुलवलेलं नाही. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्यात गुडघ्यांची अट नसते असं वकीलबाई म्हणाल्या. याआधी मी एकही मृत्युपत्र केलेलं नाही. कुठे सापडलंच तर ते रद्द समजावं.

१. राहतं घर, म्हणजे तळमजल्यावरच्या तीन खोल्या आणि मागची पत्र्याची शेड, माझ्या पश्चात माझ्या पत्नीच्या एकटीच्या मालकीचं राहील. तिच्यानंतर मुलाचं. शेडच्या फरशीवर ऑइलचे डाग आहेत. सोडा, रॉकेल, सुनेने आणलेली निळी पावडर, सगळं घासून झालं. ते जाणार नाहीत. त्यावरून कोणी भांडू नये.

२. बँकेतल्या ठेवी पत्नीच्या. कागद लोखंडी कपाटात वरच्या खणात आहेत आणि ते कुठे आहेत हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

३. आता गाडी. खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप याच कलमासाठी आहे.

गेल्या महिन्यात जेवताना चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुमच्यानंतर ती गाडी विकून टाकू. आईला त्यातलं काय कळतं? आडरस्त्यात बंद पडली तर ती बिचारी करणार काय?" उचलली जीभ, लावली टाळ्याला! पत्नीने ताटं उचलली. ही बाई आठवड्यातून तीनदा गाडी घेऊन शिवणवर्ग चालवायला जाते, एकदा बहिणीकडे जाते, आणि येताना काच खाली करून गुणगुणत येते. गाडी गेली तर तिला दर वेळी मुलाच्या सवडीची वाट बघत दारात बसावं लागेल. ते मला मुळीच चालणार नाही. पण मुलाला दोष कोणत्या तोंडाने देऊ? आईला यातलं काही कळत नाही, हे त्याला मीच शिकवलं.

म्हणून कबुली देतो. गाडी घेतली त्या वर्षी ती दर पंधरा मिनिटांनी बंद पडायची. थोडं थांबलं की पुन्हा सुरू. मी प्लग बदलले, कॉइल बदलली, कार्बोरेटर उघडून परातीत मांडला. दोन रविवार गेले. दुसऱ्या रविवारी पत्नी चहा घेऊन शेडमध्ये आली आणि म्हणाली, "अहो, पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं की फुस्स आवाज येतो. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल धड पडतं का? हवेला आत जायला दुसरं लागतंच ना? या झाकणाचं भोक बुजलं असेल." माझे दोन मित्र तिथे उभे होते. मी खो खो हसलो. म्हणालो, "अगं, हे इंजिन आहे, तेलाचा डबा नव्हे." ती कप ठेवून आत गेली. मित्र गेल्यावर मी तिच्याच शिवणाच्या डब्यातली सुई आणली आणि झाकणाचं भोक मोकळं केलं. गाडी जी धावली ती धावलीच.

त्यानंतर तीस वर्षं हा किस्सा मी कचेरीत, लग्नसमारंभात, डॉक्टरांच्या दवाखान्यात रांगेतसुद्धा सांगितला, आणि प्रत्येक वेळी झाकण मीच ओळखलं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! ती शेजारी बसून ऐकायची. एकदाही बोलली नाही. मला त्याची लाज वाटते, आज जास्तच वाटते.

पुढेही तेच चाललं. स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "सुरू करताना किंचाळतेय, पट्टा सैल झालाय." मी पट्टा ताणायचो. "गोडसर वास येतोय, रेडिएटर बघा." बघावं तर नळीला चीर. कान तिचे, नाक तिचं. माझे फक्त हात आणि तोंड.

सबब गाडी पत्नीची. ठेवावी, विकावी, रंग बदलावा, तिची मर्जी. तिच्याकडून किल्ली मागण्याचा हक्क कोणालाही नाही.

४. पान्यांची पेटी आणि जॅक तिलाच. माझी निळी वहीही तिला, जिच्यावर 'बिघाड व निदान' असं लिहिलं आहे. वहीत जिथे जिथे 'मी ओळखलं' असं आहे तिथे 'तिने ओळखलं' असं वाचावं. अपवाद पान सतरा, वायपरची मोटर. ती मीच ओळखली, देवाशपथ. मुलाला हवा भरायचा पायपंप. त्याने दर पंधरवड्याला येऊन आईच्या गाडीची चाकं बघावी. पोटही थोडं उतरेल.

५. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला मी गावभर लुटारू म्हणत आलो, कारण झाकणाच्या वेळी त्याने "इंजिन उतरवावं लागेल" असं सांगितलं होतं. तो चुकला होता, पण मीही चुकलोच होतो, आणि वर फुशारकी मारली. माझे शब्द मागे घेतो. साक्षीदार म्हणून त्याला बोलावलं आहे, दुसरे शेजारचे दातांचे डॉक्टर.

६. (हे कलम वकीलबाईंच्या टेबलावर हाताने लिहिलं आहे.)

आज इकडे येताना पत्नी गाडी चालवत होती, मी शेजारी, दोघे साक्षीदार मागे. सिग्नलला गाडी बंद पडली. किल्ली फिरवली की नुसतं 'टिक'. मागून गॅरेजवाला म्हणाला, "वहिनी, स्टार्टर गेला. ओढूनच न्यावी लागेल." मी म्हणालो, "छे, बॅटरी मेली." मागचे हॉर्न बोंबलत होते.

"दोघंही जरा गप्प बसा," पत्नी म्हणाली. तिने हेडलाइट लावले. झक्क लागले. किल्ली फिरवली, ते पार विझले. सोडली, पुन्हा लागले. "बॅटरी मेली असती तर आधीच मिणमिणले असते. कुठेतरी जोड सैल आहे." ती उतरली, बॉनेट उघडलं, बॅटरीच्या दोन्ही क्लिपांना आळीपाळीने बोट लावलं. "ही गरम लागतेय बघा भाऊजी." पर्समधून दहा नंबरचा पाना काढला! क्लिप सोडवली, आतली पांढरी भुकटी नखं घासायच्या कानशीने खरवडली, पिळून घट्ट बसवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. आम्ही तिघे बाप्ये जागेवरून हललोही नव्हतो.

मी विचारलं, "अगं, पर्समध्ये पाना कधीपासून?"

"झाली की वीस वर्षं," ती म्हणाली. "तुम्ही बरोबर नसता तेव्हा कोण करतं असं वाटलं तुम्हाला?"

मला खूप हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. आता ती बाहेर बाकावर बसली आहे, कारण जिला मिळायचं तिने आत बसू नये असा वकीलबाईंचा दंडक. साक्षीदारांनी फक्त सहीची साक्ष द्यावी असंही त्या म्हणत होत्या. मी ऐकलं नाही. दोघांनी जे पाहिलं ते लिहावं.

ठिकाण: वकिलांची कचेरी, दुसरा मजला
दिनांक: १२ नोव्हेंबर, मंगळवार

(सही) आरेखक, निवृत्त

साक्षीदार १: वरील गृहस्थांनी माझ्यासमोर, पूर्ण शुद्धीत सही केली. गाडी त्यांच्या पत्नीने चालू केली. मी मागे बसून होतो.
(सही) दातांचा डॉक्टर, शेजारी

साक्षीदार २: सही माझ्यासमोर झाली. मी स्टार्टर गेला म्हणालो होतो. स्टार्टर ठणठणीत आहे. वहिनींनी ओळखलं, मला ओळखता आलं नाही.
(सही) गॅरेजवाला