आईच्या आवाजाला कुलूप

ती. ताईस,

धाकट्याचा दुरूनच नमस्कार (जवळून केला असता, पण तू पाय मागे घेशील अशी धास्ती वाटते). तुझा गुडघा कसा आहे? भावजींचा खोकला थांबला का? माझं म्हणशील तर बाकी सगळं ठणठणीत आहे, फक्त चार दिवस हात थरथरतायत, आणि कवळ्या बनवणाऱ्याचे हात थरथरले की गिऱ्हाइकाच्या तोंडाचं काय होतं ते विचारू नकोस. काल एका गृहस्थांना वरची कवळी खालची म्हणून दिली. बिचारे घालूनही बघत होते.

फोन सोडून पत्र का, असं तुझ्या मनात येईल. फोनवरचा माझा विश्वास उडालाय (तू उचलत नाहीस, हा मुद्दा वेगळा). तो बंद करून प्लॅस्टरच्या रिकाम्या डब्यात ठेवलाय, वर झाकण, झाकणावर वीट.

झालं असं. आपल्या दोघांचं म्हणून तू जे ईमेल खातं उघडलंस आणि त्यात आईचे व्हॉइस मेसेज जपून ठेवलेस, ते मी दर शनिवारी ऐकतो. हे तुला कधी बोललो नाही. या शनिवारी घरचं इंटरनेट बिघडलं म्हणून वाचनालयात गेलो. फोनवर ‘मोफत वाचनालय’ नावाचं वाय-फाय दिसलं. नाव इतकं सोज्वळ की शंका घ्यायची लाज वाटावी. जोडायला गेलो तर त्याने ईमेलचा पत्ता आणि पासवर्ड मागितला. वाचनालयात शिरताना आपण वहीत नाव-पत्ता लिहितो, त्यातलाच प्रकार समजून मी दोन्ही दिलं. पुढे काहीच उघडेना, तेव्हा तक्रार करायला ग्रंथपाल बाईंकडे गेलो. पुस्तकावर शिक्का मारता मारता त्या म्हणाल्या, “आमचं वाय-फाय सोमवारपासून बंद आहे.”

ताई, खोलीत सात माणसं होती आणि त्यातलं कुणीही ते खोटं वाय-फाय लावून बसलेलं असू शकत होतं. एकजण लॅपटॉपकडे बघून हसत होता, एक आजीबाई माझ्याकडे बघत स्वेटर विणत होत्या. मला आजीबाईंचाच जास्त संशय आला.

बाईंनी धीर द्यायच्या ऐवजी मला झापलं. सार्वजनिक ठिकाणी वाय-फायचं खरं नाव आधी विचारून घ्यावं, फोनला आपोआप जोडू देऊ नये, पासवर्ड लागेल असं तिथे काही उघडूच नये. मग स्वतःचा डेटा चालू करून लगेच पासवर्ड बदला, म्हणाल्या. मी घाईघाईने बदलायला गेलो. पाच वेळा चुकलो आणि खात्याला कुलूप लागलं. आता चोर आत आणि मी बाहेर, की दोघेही बाहेर, हे त्यांनाही सांगता येईना.

आईचे बेचाळीस मेसेज आत आहेत. माझ्याकडे दुसरी प्रत नाही. कुणी ते पुसून टाकले तर? प्रत्येकाच्या शेवटी ती विचारते, ताईला फोन केलास का. दोन वर्षं मी नुसतं ऐकतोय. खरं सांगतो, आई गेली तेव्हासुद्धा मी इतका घाबरलो नव्हतो, कारण तेव्हा तू शेजारी बसली होतीस.

पूर्वी होता त्यातला थोडा तरी लोभ शिल्लक असावा.

तुझा,
धाकटा

ता. क. खात्याला तुझा नंबर जोडलेला आहे, म्हणून कुलूप उघडायचा सहा आकडी कोड तुझ्याच फोनवर येणार. आला की लगेच मला कळव.

ता. क. २. कळवू नकोस. बाई म्हणतात, कोड कुणालाही सांगायचा नसतो, मी सख्खा भाऊ आहे म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही. शिवाय कोड दहा मिनिटांत शिळा होतो आणि हे पत्र तीन दिवसांनी पोचेल. तेव्हा फोन घेऊन तूच ये. आईच्या शिलाई मशीनवरून मी तुला जे बोललो, ते मागे घेतो. येशील तेव्हा मशीन घेऊन जा.

ता. क. ३. हे पत्र मीच लिहिलंय कशावरून, असं तू विचारशील आणि विचारायलाच हवं. पुरावा देतो, जो कुठल्याही चोराला सापडणार नाही. आईच्या चष्म्यावर मी बसलो होतो. तू फोडलास असं मीच सांगितलं आणि मार तू खाल्लास. हे तुझ्या-माझ्याशिवाय कुणालाही ठाऊक नाही. आईलासुद्धा नाही.