आतल्या बाजूची भोकं

बाबा, माझी पोटरी आणखी बारीक झाली आहे. चालताना पायाला आधार देणारं कॅलिपर खाली घसरतं. परवा अमरावतीला तुमच्या नातीचं लग्न. पाय सोलवटला तर मला दिवसभर खुर्चीत बसून पाहुण्यांना हात जोडावे लागतील, आणि ते मला मुळीच चालणार नाही. मला लेकीशेजारी उभं राहायचंय. म्हणून आज सकाळी पोटरीमागच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत दोन नवी भोकं पाडली, चामडी वादी आत सरकवून घट्ट बसवायला.

ड्रिल मारणं सोपं. भोकाच्या कडेला जी धारदार बर, धातूची बारीक कोर, उरते, तिच्यावर तुमचा खरा राग. अजून डोळ्यांसमोर आहे: मी लहान, आणि अकोल्याच्या घराच्या ओट्यावर तुम्ही माझं पहिलं कॅलिपर मांडीवर घेऊन बसला आहात. कारखान्यातून नुकतेच आलात, चहा गार होतोय. मी हट्टाने भोकाची कड कापायचं शंकूसारखं काउंटरसिंक उचलते आणि दातओठ खाऊन फिरवते. "बर काढून राहिली का पट्टी खाऊन राहिली वं? पातळ पट्टीले एवढा जोर काहून?" मग तुम्ही तुमचं अवजार काढता, जुनी तिकोनी कानस घासून केलेलं, आणि ते भोकात टेकवून नुसतं मनगट वळवता. शेवटी वलगावच्या आत्याकडचा कापूस. त्याचा सैल पीळ भोकातून ओढायचा, एक तंतू जरी मागे राहिला तरी पुन्हा पहिल्यापासून. "कापूस अडकते तं कातडीबी अडकते," तुम्ही म्हणता. आई आतून ओरडते, "पोरीले पैंजण करून राहिले का तुमी?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "हो, पैंजणच."

लेकीने मला नवं अवजार आणून दिलंय. मुठीच्या टोकाला वाकडं, फिरतं पातं. भोकाच्या कडेवरून हलकं फिरवलं की बर सालीसारखी निघून येते. तुम्ही असता तर नाक मुरडलं असतं, आणि मी आत गेले की गुपचूप वापरून पाहिलं असतं. मला तर ते फार आवडलं.

कापूस ओढून पाहिला, कुठेच अडकला नाही. लेकीचा फोन आला, "आई, नवं अवजार कसं चाललं?" मी म्हटलं, झकास. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. नव्या अवजाराने फक्त बाहेरची बाजू केली. आतली, माझ्या कातडीकडची, तुमच्याच अवजाराने केली. तशी गरज नव्हती.